आमवाताच्या संशोधनातील प्राणी-मॉडेल: कोणत्या प्रश्नासाठी कोणता उंदीर?

केतकी_शीव

‘उंदरांमधील संधिवात पूर्ण बरा झाला’ अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्या वाचून रुग्ण आपल्या डॉक्टरांना विचारतात की हे औषध आम्हाला केव्हा मिळणार. त्या बातम्यांतून दोन गोष्टी बहुधा गाळलेल्या असतात: उंदराला आजार कशाने झाला होता आणि औषध कोणत्या दिवसापासून दिले होते. हे दोन्ही कळल्याखेरीज ‘बरा झाला’ या शब्दांचे मोल ठरवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी मुंबईत प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि या विषयावर मराठीत सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आमवात म्हणताना मला येथे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस अभिप्रेत आहे. वयोमानाने गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजून जाड होते आणि पुढे कूर्चा व हाड कुरतडले जाते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असते. सिट्रुलिनयुक्त, म्हणजे रासायनिक बदल झालेल्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तर पुष्कळ रुग्णांच्या रक्तात पहिला सांधा सुजण्याच्या काही वर्षे आधीच सापडतात. म्हणजे रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा आजाराचा मोठा भाग घडून गेलेला असतो, आणि ती मधली वर्षे माणसात पाहणे फार अवघड आहे. प्राण्यांकडे वळण्याचे मुख्य कारण हेच आहे.

अडचण अशी की प्रयोगशाळेतील सामान्य उंदराला हा आजार आपणहून होत नाही. तो घडवावा लागतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत कूर्चेतील दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅडजुव्हंटमध्ये, म्हणजे तेल आणि मारलेले मायकोबॅक्टेरिया (जिवाणू) यांच्या प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या मिश्रणात घोटून शेपटीच्या मुळाशी त्वचेत टोचतात. १९७७ मध्ये हे प्रथम रॅटमध्ये (उंदराहून मोठी, वेगळी प्रजाती) आणि १९८० मध्ये उंदरात दाखवले गेले. डीबीए/१ जातीच्या उंदरात एकविसाव्या दिवशी पुन्हा मात्रा दिली की त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत पंजे सुजू लागतात. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण देतात, त्यामुळे एका उंदराचे कमाल गुण सोळा होतात. येथे टी पेशी लागतात, बी पेशी लागतात (प्रतिकारयंत्रणेच्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्रतिपिंडे लागतात, कूर्चा व हाड दोन्ही झिजतात, आणि आजार होणे न होणे हे माणसाप्रमाणेच, प्रतिकारयंत्रणेला आपले-परके ओळखण्यास मदत करणाऱ्या एमएचसी जनुकांवर बरेच अवलंबून असते. साम्य एवढे असले तरी डीबीए/१ मध्ये आजार काही आठवड्यांत शिगेला पोचून पुढे ओसरू लागतो आणि नरांना तो अधिक सहज होतो. माणसातील चित्र या दोन्ही बाबतींत वेगळे आहे.

परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर प्लेग आयोगाने केलेले प्रयोग मला या संदर्भात नेहमी आठवतात. आजारी आणि निरोगी रॅट शेजारी ठेवून, पिसवांना अटकाव केला की प्लेग पसरत नाही, हे तेथे दाखवले गेले. तो रॅट प्लेगचा खराखुरा रुग्ण होता. आमवाताच्या प्रयोगातील उंदीर मात्र आपण तयार केलेला रुग्ण असतो, आणि जो प्रश्न मनात धरून आपण त्याला तयार केले तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून घेणे न्याय्य आहे.

अनुभव, प्रश्न आणि मतभेद, सर्वांचे स्वागत आहे.

पुनर्वसू

केतकीताई, फार आवश्यक धागा आहे. मी मुंबईत एम.फार्म. करीत आहे आणि माझ्या प्रबंधाचा विषय एका वनस्पतीच्या अर्काची संधिवातावरील परिणामकारकता हा आहे. आराखडा असा ठरला आहे की प्रथम विस्टार जातीच्या रॅटच्या पंजात कॅराजीनन (समुद्रशैवालातील सूज आणणारा पदार्थ) टोचून सूज मोजायची आणि त्यानंतर फ्रॉइंडचे पूर्ण अ‍ॅडजुव्हंट एका मागच्या पंजात टोचून अठ्ठावीस दिवस प्लेथिस्मोमीटरने पंजाचे आकारमान पाहायचे. अर्क पहिल्या दिवसापासून तोंडावाटे द्यायचा आहे आणि तुलनेसाठी इंडोमेथॅसिन हे दाहशामक औषध आहे. आधीचे बहुतेक प्रबंध याच पद्धतीने झालेले दिसतात. यातून ‘आमवातावर उपयुक्त’ असा निष्कर्ष काढता येईल का? संस्थेच्या प्राणी नीती समितीपुढे अर्ज जाण्याआधी मला हे समजून घ्यायचे आहे.

केतकी_शीव

पुनर्वसू, अर्ज जाण्याआधी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण एकदा प्राणी आणले की आराखडा बदलणे कठीण होते.

कॅराजीननची सूज साधारण तीन ते पाच तासांत शिगेला पोचते. हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांच्या कार्यामुळे होणारा तो तात्काळ दाह आहे. त्यात टी पेशींना जागे व्हायलाही वेळ मिळत नाही. अर्काने ती सूज उतरली तर अर्कात दाहशामक गुण आहे एवढे म्हणता येईल. त्या निकालावर ‘आमवात’ हा शब्द लिहिण्याला मात्र आधार नाही.

अ‍ॅडजुव्हंटचे मॉडेल अधिक मोलाचे आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९५६ मध्ये ते मांडले आणि अनेक दाहशामक औषधांची पहिली परीक्षा त्यातच झाली. परंतु त्यात एक खाच आहे आणि आपल्याकडील अनेक प्रबंध नेमके तिथेच अडकतात. ज्या पंजात इंजेक्शन दिले तो पहिल्या दिवसापासूनच सुजतो, कारण तेथे तेल आणि जिवाणूंचे अंश आहेत. प्रतिकारयंत्रणेने घडवलेला खरा संधिवात दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, इंजेक्शन न दिलेल्या पंजांमध्ये प्रकटतो. तुम्ही फक्त इंजेक्शनचा पंजा मोजलात तर अठ्ठावीस दिवस प्रामुख्याने स्थानिक जखमच मोजाल. दुसरा मागचा पंजा आणि पुढचे पंजे यांची नोंद ठेवणे मी अनिवार्य मानते. शेपटीच्या मुळाशी टोचणे त्याहून बरे, कारण त्यात चालण्याच्या पंजाला इजा होत नाही.

जातीचाही विचार करा. लुईस जातीच्या रॅटना हा आजार हमखास होतो. फिशर ३४४ या जातीची एमएचसी जनुके बहुतांशी लुईससारखीच असूनही तिला तो सहसा होत नाही, आणि त्याच फिशर रॅटना जंतुविरहित वातावरणात वाढवले तर मात्र होतो. विस्टार ही बहिःप्रजननाने वाढवलेली जात असल्याने तिच्यात प्रतिसादाची तफावत फार असते. सर्वांना समान आजार झाला असे गृहीत धरू नका. आजार दिसल्यावर गुणांच्या आधारे गट पाडलेत तर ही तफावत बरीच आटोक्यात येते.

यातूनच सर्वात महत्त्वाचा मुद्दा निघतो. पहिल्या दिवसापासून अर्क दिलात तर तुम्ही आजार होऊ न देण्याचा प्रयत्न करीत आहात. अ‍ॅडजुव्हंटमुळे टी पेशी जाग्या होण्याचा टप्पा जरी थोडा दाबला गेला तरी संधिवात होत नाही, आणि त्यामुळे कितीतरी पदार्थ येथे ‘गुणकारी’ ठरतात. रुग्ण आपल्याकडे सुजलेले सांधे घेऊन येतो. तेव्हा किमान एका गटात आजार दिसल्यानंतर औषध सुरू झालेच पाहिजे. तुलनेला इंडोमेथॅसिन एकटे ठेवू नका. ते मुख्यतः सूज व वेदना कमी करते. आजाराची प्रक्रियाच रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा गट हवा. पंजांना गुण देणाऱ्या व्यक्तीला कोणता रॅट कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसावे. शेवटी सांध्याचे छेद घेऊन सॅफ्रॅनिन-ओ रंजनाने कूर्चा पाहिलीत तर प्रबंधाला खरे वजन येईल.

रोहिणी_गिरगाव

मी स्वतः आमवाताची रुग्ण आहे आणि दीर्घकाळ मेथोट्रेक्सेटवर आहे. सकाळी बोटे आखडलेली असतात, लोकलचे दांडे धरता येत नाहीत, आणि पुलाचे जिने चढताना प्रत्येक पायरी जाणवते. म्हणून ज्या प्राण्यांना हाच त्रास मुद्दाम दिला जातो त्यांच्याविषयी वाचताना मला फार अस्वस्थ वाटते. दोन प्रश्न आहेत. मी घेत असलेले औषध खरोखर या उंदरांमुळे मिळाले का? आणि त्यांच्या वेदनेसाठी काही केले जाते का? कृपया स्पष्ट उत्तर द्यावे, मला धीर देण्यासाठी नको.

केतकी_शीव

रोहिणीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की मेथोट्रेक्सेट संधिवाताच्या उंदरांकडून आलेले नाही. ते कर्करोगाच्या उपचारांतून आले. १९५१ मध्ये त्याच्याच कुळातील अ‍ॅमिनोप्टेरिन आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, आणि अल्प साप्ताहिक मात्रेतील मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. हा शोध रुग्णांकडे लक्षपूर्वक पाहण्यातून लागला.

टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणाऱ्या, म्हणजे टीएनएफविरोधी औषधांची हकिकत वेगळी आहे. लंडनमध्ये मार्क फेल्डमन, रविंदर मैनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यातील पेशी काचपात्रात वाढवल्या. १९८९ मध्ये त्यांना असे दिसले की टीएनएफ अडवला की इतर दाहकारक रेणूही कमी होतात. हा धागा माणसाच्या पेशींतूनच मिळाला होता. १९९१ मध्ये ग्रीसमधील जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफचे जनुक घातलेले उंदीर तयार केले. त्यांना कोणतेही इंजेक्शन न देता संधिवात झाला आणि टीएनएफविरोधी प्रतिपिंडाने तो टळला. १९९२ मध्ये कोलॅजनच्या मॉडेलमध्ये आजार सुरू झाल्यानंतर प्रतिपिंड देऊनही सांधे सावरल्याचे दिसले. त्याच वर्षी चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफविरोधी प्रतिपिंड देण्यात आले, आणि १९९९ मध्ये त्याला आमवातासाठी मान्यता मिळाली. पेशी, दोन वेगळी मॉडेल आणि रुग्ण यांची उत्तरे एकाच दिशेने गेली, म्हणून त्या उत्तरावर विसंबता आले. यातील कोणतीही एकच कडी पुरेशी होती असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांनी द्यावे अशी विनंती करते.

पशुवैद्य_परळ

मी प्रयोगशाळेतील प्राण्यांचा पशुवैद्य आहे, म्हणून दुसरा प्रश्न मी घेतो. रोहिणीताई, संधिवात झालेल्या उंदराला वेदना होतात. तो चालणे कमी करतो, पाठ कमानीसारखी काढून बसतो, केस पिंजारलेले राहतात आणि वजन घटते. हे नाकारणारा माणूस या कामाला योग्य नाही.

आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि १९९८ चे प्राणी-प्रयोगांवरील नियंत्रणाचे नियम लागू आहेत. संस्थेची नोंदणी केंद्रीय समितीकडे असावी लागते आणि उंदीर-रॅटवरील प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीती समितीची पूर्वमान्यता लागते. त्या समितीवर केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरचे सदस्यही असतात. कागद नीट असणे म्हणजे प्राण्याचे हाल थांबणे नव्हे, म्हणून प्रत्यक्ष काय करता येते ते सांगतो. पंजे सुजल्यावर जाळीच्या तळाचे पिंजरे पूर्ण वर्ज्य करावेत, मऊ आणि जाड बिछायत द्यावी, खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ओले करून ठेवावे आणि पाण्याच्या नळीची तोटी लांब बसवावी, कारण सुजलेल्या पायांवर उभे राहून वर तोंड नेणे त्याला जमत नाही. वेदनाशामक देता येतात. अनेक संशोधक ‘निकाल बिघडेल’ म्हणून ती सरसकट नाकारतात. दाहशामक वर्गातील गोळ्यांबाबत ती शंका रास्त आहे, कारण त्या सूजच उतरवतात. परंतु ब्युप्रेनॉर्फिनसारख्या वेगळ्या वर्गातील वेदनाशामकांचा विचार केलाच पाहिजे, आणि सर्व गटांना ते सारखे दिले तर तुलनाही टिकते. वजन किती घटले किंवा गुण किती झाले की त्या प्राण्याचा प्रयोग थांबवायचा, हा आकडा अर्जातच लिहिलेला असावा. तो नसेल तर मी अर्ज परत पाठवतो.

मुंबईपुरती एक बाब जोडतो. पावसाळ्यात प्राणिगृहाची हवा आटोक्यात ठेवणे हे मोठे काम असते. वातानुकूलन यंत्रणा काही तास बंद पडली तरी आर्द्रता चढते, बिछायत दमट होते, अमोनिया साचतो आणि प्राण्यांवर ताण येतो. ताणामुळे स्टेरॉइड संप्रेरके वाढतात आणि संधिवात आपोआप दबतो. जुलैतील तुकडीचे निकाल जानेवारीतील तुकडीशी जुळत नाहीत तेव्हा औषधाआधी खोलीची नोंदवही पाहावी.

अनुराधा_पार्ले

सर्वांचे लेखन आदराने वाचले, तरीही मला मूळ मुद्द्यावरच आक्षेप आहे. इंटरल्युकिन-१ हा दाहकारक रेणू अडवल्याने उंदरांचे सांधे उत्तम सुधारले, पण अ‍ॅनाकिन्रा हे औषध आमवाताच्या रुग्णांत माफकच उपयोगी ठरले. पी३८ किनेज हे दाहाशी संबंधित विकर (एन्झाइम) रोखणारी औषधे उंदरांत प्रभावी होती आणि रुग्णांवरील चाचण्यांत निष्प्रभ ठरली. सर्वात भीषण उदाहरण मार्च २००६ चे आहे. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड आमवात व एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग यांसाठी विकसित होत होते. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग लंडनमधील सहा निरोगी तरुणांना दिला गेला आणि काही तासांत ते सहाही जण अतिदक्षता विभागात पोचले. इतके चुकीचे मार्गदर्शन करणाऱ्या पद्धतीसाठी प्राण्यांचे हाल का करायचे? आज रुग्णाच्या सांध्याच्या अस्तराचा छोटा तुकडा घेऊन एकेका पेशीतील जनुके वाचता येतात, सूक्ष्म चिपवर अस्तर व कूर्चा शेजारी वाढवता येतात. आपल्या देशातही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राणीविरहित पद्धतींना स्थान मिळाले आहे.

केतकी_शीव

अनुराधाताई, आपण दिलेली तिन्ही उदाहरणे खरी आहेत आणि मी ती सौम्य करून मांडणार नाही. टीजीएन१४१२ मधून पुढे समजले ते असे की ज्या स्मृती टी पेशींनी माणसात वादळ उठवले, त्यांच्यावर त्या माकडांमध्ये सीडी२८ हा रेणूच नसतो. म्हणजे औषधाचे लक्ष्यच त्या प्राण्यात जागेवर नव्हते. ही तपासणी पेशींवर आधी व्हायला हवी होती, आणि या बाबतीत आपला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे.

इंटरल्युकिन-१७ या आणखी एका दाहकारक रेणूचे उदाहरण मी त्यात जोडते. उंदरांच्या अनेक मॉडेलमध्ये ते अडवल्याचा मोठा लाभ दिसला. माणसात आमवातावर त्याचा परिणाम बेताचा ठरला, परंतु सोरायसिसबरोबर होणारा संधिवात आणि मणक्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस यांत ते उत्तम उपयोगी पडले. उंदराने दाखवलेली यंत्रणा खरी होती. आपण तिला चुकीच्या आजाराचे नाव दिले होते.

तरीही प्राण्यांचा वापर आज पूर्ण थांबवावा असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण काही मॉडेलनी असे प्रश्न सोडवले जे काचपात्रात उभेच राहत नाहीत. के/बीएक्सएन उंदीर घ्या. १९९६ मध्ये एका टी-पेशी ग्राहकाचे (रिसेप्टरचे) जनुक असलेल्या उंदरांचा एनओडी जातीशी संकर केला तेव्हा संततीला संधिवात झाला. तपासाअंती कळले की प्रतिपिंडे ग्लुकोज-६-फॉस्फेट आयसोमरेज या शरीरभर असलेल्या विकराविरुद्ध आहेत. शरीरभर असलेल्या प्रथिनावरचा हल्ला सांध्यातच का दिसावा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. या उंदरांचा रक्तद्रव निरोगी उंदराला टोचला की दोन-तीन दिवसांत सांधे सुजतात. त्याला स्वतःच्या टी किंवा बी पेशींची गरजच पडत नाही. प्रतिपिंडे तयार होणे आणि प्रतिपिंडांनी सांधा बिघडवणे हे दोन टप्पे असे प्रत्यक्ष वेगळे करून पाहता आले. जपानमधील एसकेजी उंदरात टी पेशींतील झॅप-७० या प्रथिनात बदल आहे. तो उंदीर अतिस्वच्छ प्राणिगृहात ठीक राहतो, पण बुरशीच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान मिळाले की त्याला संधिवात होतो. आनुवंशिक कल आणि बाहेरची ठिणगी यांची गाठ कशी पडते हे संपूर्ण शरीरातच पाहावे लागते. आतडे, फुप्फुस, लसिका ग्रंथी आणि सांधा यांच्यातील दळणवळण अजून कोणत्याही चिपवर उतरलेले नाही.

पण औषधाचा रेणू केवळ दाहशामक आहे का, एवढेच पाहायचे असेल तर त्यासाठी रॅटचे पंजे सुजवण्याचे समर्थन मला आज करता येत नाही. ते काम पेशींवर होऊ शकते. म्हणूनच पुनर्वसू यांनी कॅराजीननचा भाग वगळावा असे मी सुचवते.

अनुराधा_पार्ले

शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. जे प्रश्न पेशींवर सुटतात ते प्राण्यांवर नेऊ नयेत, एवढे जरी आपल्या महाविद्यालयांनी अमलात आणले तरी फार मोठी संख्या वाचेल. मूळ प्रश्नावर आपला मतभेद आहे आणि तो राहील. एक विनंती आहे: प्रयोग निष्फळ ठरले तर तेही प्रसिद्ध व्हावेत. ते दडून राहिले की दुसऱ्या महाविद्यालयात तोच अर्क घेऊन तेच प्राणी पुन्हा वापरले जातात.

रोहिणी_गिरगाव

केतकीताई आणि डॉक्टर, उत्तरे स्पष्ट दिल्याबद्दल मनापासून आभार. टीएनएफविरोधी इंजेक्शनविषयी माझ्या डॉक्टरांनी मागील भेटीत विचारले होते. ती कोठून आली हे आता मला कळले आहे.

पुनर्वसू

मार्गदर्शकांशी बोलून आराखडा बदलला आहे. कॅराजीनन वगळले असून दाहशामक गुणाची पहिली पारख पेशींवर होईल. अ‍ॅडजुव्हंट शेपटीच्या मुळाशी दिले जाईल. चारही पंजांचे गुण नोंदवले जातील. आजार दिसल्यावर गुणांनुसार समतोल गट पाडून मगच अर्क सुरू होईल आणि मेथोट्रेक्सेटचा गट राहील. गुण देणारी विद्यार्थिनी वेगळी असेल. अर्जात वजनघटीची मर्यादा २० टक्के लिहिली आहे. लुईस रॅट मिळवणे कठीण दिसते, त्यामुळे विस्टारच राहतील.

पशुवैद्य_परळ

विस्टार चालतील, परंतु एकाच पुरवठादाराचे आणि एकाच वयाचे घ्या, आणि आल्यावर किमान आठवडाभर नव्या जागेत रुळू द्या. २० टक्के ही वरची मर्यादा आहे. १० टक्के घट झाली की ओले खाद्य आणि रोजची तपासणी सुरू करावी, हेही अर्जात लिहा.

केतकी_शीव

एक भर घालते. ज्या रॅटना आजार झालाच नाही त्यांचे काय करणार, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवा, आणि प्रबंधात त्यांची संख्या द्या. प्रबंधाच्या शीर्षकात ‘आमवात’ ऐवजी ‘रॅटमधील अ‍ॅडजुव्हंटजन्य संधिवात’ असे लिहावे.